मागावरची तलवार

मी तलवार बोलतेय. हसू नका! आज मला मागावरची पट्टी म्हणतात, धारही उरलेली नाही. पण म्हणून माझी जात बदलली नाही.

एका लढाईत माझे दोन तुकडे झाले. फ्योर्डच्या खाडीकाठच्या लोहाराने टोकाकडचा तुकडा ठोकून बोथट केला आणि विणकाम करणाऱ्या गुन्वोरच्या हाती दिला. विणताना आडवे धागे ठोकून घट्ट बसवायचे, हे माझं नवं काम. तिचा दीर हाल्स्टेन खो खो हसला. "रणातनं थेट बायकांच्या मागावर! काय ही दशा!" मला भारी राग आला. तिने विणलेल्या शिडांवरच त्याचं जहाज चालायचं, हे तो सोयीस्कर विसरायचा.

एकदा पुरुष समुद्रावर असताना लुटारू दारात आले. गुन्वोरने मागावरून मला उचललं आणि दोघांची डोकी फोडली. बाकीचे ढुंगणाला पाय लावून पळाले.

या हिवाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. अंथरुणात मेलेल्याच्या नशिबी मृतांची राणी हेल हिचं गारठलेलं घर. रणात पडलेल्यांना वाल्किरी या रणदेवता निवडून देवांचा राजा ओडिनच्या दरबारी नेतात. म्हणून घरात मरणाऱ्या पुरुषाच्या छातीवर भाल्याच्या टोकाने खूण करतात, म्हणजे त्या त्यालाही नेतात. गुन्वोरने तोच भाला मागितला.

"वहिनी, ताप डोक्यात गेलाय तुमच्या," हाल्स्टेन म्हणाला. "बायकांना कुठे खूण करतात? वाल्किरी हसतील."

"भावोजी, निवडतं कोण? बायकाच ना? त्यांचं मी बघून घेईन. भाला आणा."

तो जागचा हलला नाही.

"राहू द्या मग. योरुन, पोरी, माझी पट्टी आण."

लेकीने मला आणलं. "आई, बोथट आहे गं ही. दुखेल."

"मग जोर लाव. मागावर लावतेस तसा."

योरुनने दातओठ खाऊन मला दाबलं. छातीवर रक्ताचा थेंब उमटला. गुन्वोर समाधानाने हसली, आणि हाल्स्टेन मान फिरवून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता मी थडग्यात तिच्या उजव्या हाताशी आहे. गंज चढतोय, चढू दे.

वाल्किरींनो, तुम्ही अजून आला नाहीत. हसत आलात तरी हरकत नाही, पण तिला घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही. फिरलात, तर गाठ माझ्याशी आहे!