साडेसत्याहत्तर वनस्पती

माझी सून रालित्सा माझ्याशी भांडेनाशी झाली, तेव्हाच मी ओळखलं की पोरीचं काहीतरी बिनसलंय. लग्न होऊन आल्यापासून आमचं एक दिवस पटलं असेल तर शपथ. बानित्साच्या पोळीच्या थरांत चीज किती घालायचं, पडदे कधी धुवायचे, कोंबड्यांना काय टाकायचं, सगळ्यात हिचं मत, आणि ते माझ्या उलट. माझा मुलगा स्तामेन म्हणायचा, तुम्ही दोघी गप्प बसलात की मला भीती वाटते. आणि नात झाली, कालिना, तेव्हापासून मी काहीही म्हटलं की ही भिंतीकडे बघत म्हणायची, "बरं, आई."

आमच्याकडे बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही. मनगटाला लाल दोरा, खिडकीला जाड पडदा, माणसांची वर्दळ नको. मी ते सगळं काटेकोर पाळलं, वर माझं औषधपाणी. वनस्पतींसाठी आसपासच्या गावांतून लोक माझ्याच दारी येतात, मग घरच्या पोरीला मी काय कमी करणार? लिंडनच्या फुलांचा चहा झाला, लिंबाच्या वासाच्या पाल्याचा झाला. पिवळ्या कंटारिओनचा तर मी किटलीभर करून ठेवायची, उदास मनाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझी आई सांगायची. पूर्वी या चहाचा नुसता वास आला की रालित्सा नाक मुरडायची. आता निमूट पिऊन कप खाली ठेवायची.

आमच्यात म्हणतात, जगात आजार साडेसत्याहत्तर आणि त्यांच्यावरच्या वनस्पतीही साडेसत्याहत्तर. सत्याहत्तर ठाऊक आहेत. उरला अर्धा, त्या आजाराला नाव नाही, आणि त्याच्यावरची अर्धी वनस्पती कुणी पाहिलेली नाही. माझ्या मनाने घेतलं की हिला झालाय तो हाच अर्धा आजार. मग काय, गुडघे बोंबलत असताना अख्खी टेकडी पालथी घातली आणि दिसेल तो पाला खुडून आणला.

अशात शेजारची वेल्का आली. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बघायला येणाऱ्याने त्याला नावं ठेवायची, ही आमची रीत. वेल्काने पाळण्यात डोकावून तीनदा थू थू केलं आणि म्हणाली, शी, काय हे कुरूप ध्यान, कोंबड्या शिटोत गं तुझ्यावर. यावर आईने हसायचं असतं. रालित्सा हसली नाही.

"खरंय मावशी," ती म्हणाली. "हिला माझ्याऐवजी दुसरी कुणी आई मिळाली असती तर बरं झालं असतं."

वेल्काच्या हातातली बशी हातातच राहिली. मी तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर मिलचेवा वयाने लहान, पण भारी फटकळ. आल्या आल्या तिने मलाच खोलीबाहेर काढलं, माझ्या घरात मला. मी दाराला कान लावला, त्यात लाज कसली. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, बाळाला काही करावंसं वाटतं का, असं तिने सरळ विचारून घेतलं. रालित्सा नाही म्हणाली, फक्त खूप थकलेय म्हणाली, आणि मग कितीतरी वेळ रडत होती. एवढं माझ्याजवळ ती एकदाही रडली नव्हती.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाली, "स्टोयना काकू, याला नाव आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य. पुष्कळ जणींना होतं आणि बरंही होतं."

नाव आहे म्हणे. आणि मी टेकडी धुंडाळत होते. तिने किटली हुंगली आणि मोरीत ओतून टाकली. गोळ्या लिहून देतेय, त्यांच्याबरोबर ही वनस्पती पोटात गेली तर घात होईल, असं मला खडसावलं. शिवाय शहरातल्या मनाच्या डॉक्टरणीकडे दर आठवड्याला जायचं, सकाळचं ऊन घ्यायचं, पायी फिरायचं, रात्री सलग झोपायचं आणि जिवाभावाच्या माणसांशी बोलायचं. मी म्हटलं, आणि आमचे चाळीस दिवस? ती म्हणाली, ते बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणून होते, तुम्ही तिला कोठडीत घातलंय. मी असा जबाब देणार होते की बाई जन्मभर लक्षात ठेवली असती. पण तिने खोलीत परत जाऊन पडदा बाजूला ओढला, उजेडात मला रालित्साचा चेहरा दिसला, आणि मी तो पडदा दांडीवरून खालीच उतरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला अंगणात बसवलं. अंगण म्हणजे काही उंबऱ्याबाहेर नव्हे, असं मी देवाला सांगून टाकलं. मग अंगण विहिरीपर्यंत गेलं, तिथून प्लमच्या बागेपर्यंत, आणि आठवड्यातून एकदा थेट शहरातल्या डॉक्टरणीच्या दारापर्यंत. रात्री कालिनाला बाटलीने दूध पाजायचं काम स्तामेनकडे. वेल्का रोज येऊन गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायची, तेवढं तिला छान जमतं. बरेच दिवस काही फरक दिसेना. मी मनातून पार खचले होते. मग एकदा दुपारी रालित्साने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, सूप खारट झालंय. माझा जीव भांड्यात पडला. नाही झालं, मी म्हटलं, तुझ्या जिभेला चव नाही. झालंय, ती म्हणाली. देवा, किती दिवसांनी.

पुढे भर उन्हाळ्यातला एन्योवदेनचा सण आला. त्या सकाळी आम्ही बाया कुरणात वनस्पती खुडतो, त्यांचं माणूस मावेल एवढं मोठं कडं गुंफतो, आणि आजार जावा म्हणून एकेक जण त्यातून पलीकडे जातं. मी रालित्साला आणि बाळाला घेऊन गेले. वेल्का कुजबुजली, अगं, चाळीस दिवस व्हायचेत, पाद्र्याचा आशीर्वाद व्हायचाय. मी म्हटलं, आमच्या अंगणाची हद्द सध्या इथपर्यंत आहे.

बाळ वेल्काकडे देऊन रालित्सा वाकली, कड्यात शिरली आणि मध्येच थांबली.

"आई, यात किती कंटारिओन कोंबलंय तुम्ही? माझ्या गोळ्या चालू आहेत."

"पिऊ नको म्हणालीय डॉक्टर. त्यातून जायला बंदी नाही."

"तुमचं हे नेहमीचंच," असं म्हणून ती पलीकडे निघाली. केसांत फुलं अडकली होती, ती तिने काढली नाहीत. सरळ वेल्काकडे गेली आणि तिच्या हातातून कालिनाला काढून घेतलं. उन्हात धरून नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. मग हळूच तीनदा थू थू केलं.

"शी," ती म्हणाली. "किती कुरूप आहेस गं तू."

मी खाली वाकले आणि गवतात काहीतरी शोधत असल्याचं सोंग केलं.