आत्याचा हेल

आई गेल्याचा फोन शेजारच्यांकडे आला, तेव्हा मी नगरच्या खोलीत बायकांच्या रडण्याचं नोटेशन करत बसलो होतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण माझा प्रबंधच त्यावर होता. आपल्याकडे मयतापाशी बायका नुसत्या रडत नाहीत, हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचे गुण सांगत, सुरात. त्या सुरांचे चढउतार मांडायचे आणि त्यांतून आजच्या काळाची, चार आवाजांची, बिनशब्दांची एक रचना बांधायची, असं मी विद्यापीठाला लिहून दिलं होतं. गाइड खूश होते. गावानं मात्र माझं नाव रडतराऊत पाडलं.

अडचण एकच होती. मयत नसताना हेल काढला की घरात अवदसा येते, असं बायका म्हणायच्या. पारनेरपासून राहात्यापर्यंत फिरलो, कुणी तोंड उघडेना. शेवटी कोल्हारात, आमच्याच घरी, लंकाआत्या तयार झाली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"आमी बुद्दाची मानसं. आमाला कसली आलीय अवदसा?" असं म्हणून ती त्याच्या नावानं ओट्यावर बसून रडली. मध्येच कुत्रं भुंकलं की मी टेप थांबवायचो आणि म्हणायचो, "आत्या, पुन्हा एकदा." ती नाक पुसायची आणि पहिल्यापासून उचलायची. आई चुलीपाशी बसून हसायची. "लोकांची पोरं मोटारी दुरुस्त करत्यात, माजं पोरगं रडनं दुरुस्त करतंय."

कोल्हारच्या एसटीत रडू यावं म्हणून मी आईचा चेहरा आठवत बसलो. चेहरा नीट आठवला, रडू आलं नाही. राहुरी गेलं तरी डोळे कोरडेच. मग मला भीती वाटायला लागली. आई मेली आणि मुलगा रडला नाही, हे माझ्याबाबतीत खरं व्हायला नको होतं. दारात पाय ठेवल्यावर तरी येईल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

अंगणात आईला पांढऱ्या चादरीत निजवलं होतं. उशाशी मेणबत्त्या होत्या आणि पायाशी माझी धाकटी बहीण शुभांगी. सूर्यभानकाका वंदना घ्यायला माझीच वाट बघत थांबले होते. आमच्याकडे मयताला कुणी जवळचं आलं की हेल नव्यानं सुटतो. मला बघून लंकाआत्या उठली आणि माझ्या गळ्यात पडली.

"वैनी गं... तुजा म्हैंदर आलाय गं... त्येला पान्याचा तांब्या कोन दील गं..."

कोमल गंधार, मी मनात म्हणालो. तिथून रिषभावर अडखळून षड्जाला. नेहमीपेक्षा पट्टी जरा वरची. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं माझ्या शर्टाचा खांदा ओला होत होता, तेही मला समजत होतं. मला स्वतःचा राग आला, पण तोही कोमटच. मागून एक बाई हळूच म्हणाली, "पोराच्या डोळ्याला पानी न्हाई बग."

तेवढ्यात रस्त्यावरून एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत गेला. आत्या शब्द अर्धा टाकून थांबली. तिनं मान वर केली, पदरानं नाक पुसलं आणि रोजच्या आवाजात मला विचारलं, "टेम्पो आडवा आला. पुन्यांदा म्हनू का रं?"

कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते आत्याला कळलंच नव्हतं. ती सवयीनं माझ्या होकारासाठी थांबली होती. शुभांगीनं आईच्या पायांवरचं डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटायला हवी होती. पण टेम्पो लांब गेला, आता आवाज स्वच्छ येईल, एवढंच डोक्यात आलं. मी मान हलवली.

"वैनी गं..." आत्यानं सूर बरोबर लावला. पुढचा शब्द निघेना. तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडलं. मग तिच्या घशातून एक खरखर निघाली, ती ना वर जाईना ना खाली येईना. मी तिचा षड्ज शोधत होतो. सापडेना. बऱ्याच वेळानं मला उमगलं, की आत्या नुसती रडतेय.

रडता रडता तिनं आपला ओला तळवा माझ्या डोळ्यांवरून फिरवला. तो तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. नंतर मागच्या बायकांकडे बघितलं. आणि माझं डोकं ओढून तिनं आपल्या खांद्यावर दाबलं, वरून पदर टाकला.

"म्होरं नगा येऊ कुनी," ती मोठ्यानं म्हणाली. "लई रडतंय पोरगं. रडू द्या त्येला."

बायका मागे सरल्या. काकांनी वंदना आणखी थोडी पुढे ढकलली. सगळे माझं रडणं संपायची वाट बघत उभे राहिले आणि पदराच्या आत मी कोरड्या डोळ्यांनी, खांदे हलवत राहिलो.