राहेलची लेकरं

सुरतेत बसून मी जर्मन ज्यूंच्या कवितांवर प्रबंध लिहिते, याची घरात भरपूर थट्टा होते. माझे यजमान बँकेत सांगतात, "आमच्याकडे राहेल नावाची पाहुणी आलीय, जायचं नाव घेत नाही." राहेल म्हणजे ज्यूंच्या पुराणातली आई. शत्रूंनी तिची लेकरं परमुलखात नेली, आणि ती वाटेवर रडत बसली. कुणाचं सांत्वन तिने घेतलं नाही. घरंदारं बेचिराख झाल्यावर त्या कवींना आठवली ती हीच बाई.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सुकदेव बोलवायला आला. त्याची बायको कलाबाई आमच्याकडे भांडी घासते. "ताई, तुम्ही सांगा तिले. मनं आयकस नही ती."

लिंबायतमधल्या त्यांच्या खोलीत कलाबाई मातीची गौराई मांडीवर घेऊन बसली होती. गौराई म्हणजे माहेरी आलेली लेक. अखजी झाली की तिला गाणी म्हणत तापीवर पोचवतात. गल्लीतल्या बाया तिला न्यायला दाराशी खोळंबल्या होत्या, पण कलाबाई तिला सोडेना. मागच्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सगळे पळत सुटले, तेव्हा उधना स्टेशनच्या गर्दीत कलाबाईच्या हातातून योगिताचा हात सुटला. आठ वर्षांची पोर. सुकदेवने भुसावळपर्यंत प्रत्येक स्टेशन पालथं घातलं. पोर सापडली नाही.

मी तिच्याजवळ बसले. दुःख वाटून घेतल्यासारखं होईल, म्हणून मी राहेलची गोष्ट सांगितली.

कलाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिना पोरं परत उनात का?"

जुन्या ग्रंथात देवाने तिला वचन दिलंय, तुझी लेकरं परत येतील. माझ्या कवींच्या कवितांत कुणीही परत येत नाही. दारात सुकदेव माझ्या तोंडाकडे बघत होता.

"देव म्हणाला, येतील," मी म्हटलं.

कलाबाईने डोळे पुसले. उठून गौराईला पुन्हा पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि बायांना म्हणाली, "तुम्ही जा घर. मनी योगिता येई. तवलोंग हिले बी आठेच राहू द्या."

म्हणजे पोर येईपर्यंत गौराई तापीवर जाणार नव्हती. बाया एकेक करून निघून गेल्या. कलाबाईने माझ्यासाठी चहा टाकला. किती महिन्यांनी ती हसत होती, आणि ते हसू मला बघवेना.