पाचवं पाणी

“खाटकाच्या हाताला काय झालंय कुणास ठाऊक. बोकडाचं अर्धं शेण आतच ठिवलंय मेल्यानं,” केशरबाई पुटपुटली. समोर उकिडव्या बसलेल्या सुनेला, पंकजाला, ऐकू जावं एवढंच पुटपुटली.

दोघींच्या मधे परातीत वजडी, बोकडाची आतडी नि पोट, पडली होती. सासू आतडं तुरीच्या काडीवर चढवून उलटं करायची, सून वरून तांब्यानं पाणी सोडायची. हात इथं चालू होते, पण पंकजाचा जीव रस्त्याकडं लागलेला. नणंदेच्या, रुपालीच्या सासरची माणसं जत्रेला जेवायला यायची होती. रुपालीच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. विहीणबाईंनी फोनवर बजावून ठेवलेलं, “मटण कुटं बी मिळतंय. आमी केशरबाईंच्या हातची वजडी खायला येतोय.”

आखाडात घरच्यांनीही ती हौसेनं खाल्ली होती. म्हणजे पहिला घास हौसेनं. मग सासऱ्यांनी लिंबू मागितलं, नवऱ्यानं दुसरं मागितलं, तिसरं पंकजानं कुणी न मागताच चिरलं. वजडीला वास होता. बोललं मात्र कुणीच नाही. त्यानंतर दोनदा वजडी झाली, आणि दोन्ही वेळा सासू देवाला गेल्यावर पंकजानं ती गुपचूप पुन्हा चुना लावून धुतली. आज सासू जागची हलत नव्हती.

“आत्याबाई, तुमी जरा पडा. म्होरलं मी बगते.”

“का? मला काय धाड भरलीय?”

“तसं न्हाई, सकाळपास्नं बसलाय...”

“मला नको शिकवू. वजडीला पाणी मोजायचं नसतं, हुंगायचं असतं. तुला आल्या दिवशी सांगितलंय.”

सांगितलं होतं खरं. आणि तीच सासू आता अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती. “पाच,” ती ओठातल्या ओठात म्हणाली. मग आतडं नाकाशी नेलं, डोळे मिटले, मान डोलावली. “झाली साफ. हळद-मीठ टाक, उकडायला घे.”

पंकजाला हातभर अंतरावरून वास येत होता.

“आणिक एकदा चुना लावू का? खाटकानं लई घाण ठिवलीय म्हणता ना.”

“त्यानं ठिवली, मी काढली.”

“मामा, तुमी तरी सांगा,” पंकजा ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांकडं वळली. गोरक्षनाथ तळहातावरची तंबाखू एकदम मन लावून मळायला लागले. “बायकांच्या कामात मी कशाला?”

तेवढ्यात मोबाईल वाजला. रुपाली. “वहिनी, गावच्या पाटीपाशी आलोय. सासूबाईंनी सकाळपास्नं काय बी खाल्लं न्हाई, वजडीसाठी पोट ठिवलंय.”

पंकजानं मोबाईल बाजूला ठेवला. ती परात ओढायला वाकली, सासूनं दुसऱ्या बाजूनं धरली. दोघी ओढत राहिल्या.

“अगं, खोबरं!” ओट्यावरून गोरक्षनाथ ओरडले.

चूल केशरबाईच्या पाठीशीच होती. ‘खोबऱ्याकडं माझं ध्यान हाय’ म्हणून तिनंच तवा ठेवला होता. पंकजानं धावत जाऊन तो उतरवला. वाटीभर खोबरं कोळसा झालं होतं, जळका वास पार अंगणाच्या टोकाला पोचला होता.

“वारं माझ्याकडं आलं ना, म्हणून कळलं,” गोरक्षनाथ घाईघाईनं म्हणाले. “तिकडं वासच आला नसंल. व्हय ना गं पंकजा?”

पंकजानं मान हलवली. व्हय म्हणून की न्हाई म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. झाडाचं पान हलत नव्हतं.

केशरबाईनं तव्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. मग परातीवरचा हात काढला आणि परात सुनेकडं सरकवली.

“चुना लाव. आन हुंगायचं आता तूच,” ती म्हणाली. “आखाडातल्या तापापास्नं मला वास येत न्हाई.”