डोणीतली फळी

मी एक जुनी पत्र्याची डोण आहे, मित्रांनो. गुरांनी पाणी प्यावे म्हणून मला घडवले. लांबीला पुरुषभर, खोलीला मांडीएवढी. माझ्या काठाला तीन पोचे आहेत आणि आतून, उत्तरेकडच्या अंगाला, बारीक ओरखडे आहेत. पोचे बैलांच्या शिंगांचे. ओरखडे कशाचे, ते पुढे सांगते.

ॲरिझोनाच्या डोंगरात बुस्तामान्ते नावाच्या माणसाची गुरांची रँच होती. त्याने मला ट्रकमधून उतरवले आणि पाणी सोडण्याआधी एक जाड फळी आणली. करवतीने तिला आडव्या खाचा पाडल्या, एक टोक साखळीने माझ्या उत्तरेच्या काठाला बांधले, दुसरे तळाला टेकवले. फळी बसवल्याशिवाय डोणीत पाणी सोडायचे नाही, हा तिथला रिवाज. पाण्यात पडलेली खार, घुबड, सरडा, ज्याला त्याला चढून बाहेर येता यावे म्हणून. एका नव्या गुराख्याने एकदा फळी न लावताच पाणी सोडले, तेव्हा बुस्तामान्तेने त्याला ते सगळे पाणी स्वतःच्या टोपीने उपसायला लावले. बाकीचे गुराखी कुंपणावर बसून टोप्या मोजत होते.

मी तीस वर्षे पाणी दिले. मग विहीर आटली, गुरे गेली, म्हातारा गेला. त्याच्या मुलीने, ओफेलियाने, मला शेडमागे पालथे घातले. माझ्याखाली एक खुळखुळ्या साप राहायला आला. तेवढीच सोबत.

एके वर्षी वरच्या उतारावर ओहायोहून एक जोडपे आले, गॅरेट आणि डेल्फिन. दोघेही नोकरीतून मोकळे झालेले. त्यांनी काचेच्या भिंतीचे घर बांधले. बरोबर दोन कुत्री. जुनो ही काळी, मोठी कुत्री; टॅफी हा आखूड पायांचा, चौदा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पहिल्याच महिन्यात डेल्फिन विंचवासाठी बूट झटकायला शिकली, कुत्र्यांच्या पंजात रुतलेले निवडुंगाचे काटे कंगव्याने उपटायला शिकली. गॅरेटचे मात्र एकच चालले होते, फोटो. जनावरे घराजवळ यायला हवीत, म्हणजे पाणी हवे, म्हणून तो माझ्यासाठी ओफेलियाकडे आला.

"ने की," ओफेलिया म्हणाली. "पण फळीसकट. फळी काढलीस तर डोण परत घेऊन जाईन, सांगून ठेवते."

"हो, हो."

"शहरातली माणसं दोनदा हो म्हणाली की समजावं, एकदाही ऐकलेलं नाही."

गॅरेट हसला. तिनेही हसण्यावारी नेले.

त्याने मला अंगणात काठापर्यंत जमिनीत पुरले, भोवती दगड रचले. लोकांना नैसर्गिक तळे वाटावे म्हणून. लावे पक्षी आले, रानडुकरे आली, एक करडा कोल्हा यायला लागला. टॅफीही यायचा. त्याला दिसत नव्हते, पण पंजाने काठ चाचपत तो फळीपर्यंत पोचायचा, तिच्यावर दोन पावले उतरायचा आणि पाणी प्यायचा. डेल्फिन त्याला म्हणायची, "आलास का म्हातारबा, आपल्या जिन्यावर?"

माझ्या काठाशी गॅरेटने तीन पायांचा कॅमेरा लावला होता. काही हलले की तो आपोआप फोटो काढायचा. पण प्रत्येक फोटोत फळी यायची.

"कोल्हा बघ कसला देखणा! आणि मध्ये हे फळकूट!" गॅरेट वैतागला. "पाण्यात त्याचं अख्खं प्रतिबिंब हवंय मला. फळी काढतो."

"राहू दे ना. ती बाई काय म्हणाली होती?"

"ती बाई गुरं राखायची, डेल्फिन. जत्रेतल्या प्रदर्शनाला फोटो गेला की परत लावतो. दोन दिवसांचा प्रश्न आहे."

त्याने फळी साखळीसकट आपल्या शेडमध्ये टाकली. जनावरे बुजू नयेत म्हणून कुत्र्यांनाही घरातच ठेवू लागला. नळाच्या थेंबाने पाणी हलते म्हणून नळही बंद केला. मी आरसा झाले. आणि खरे सांगते मित्रांनो, मलाही ते आवडले. आयुष्यभर मला कोणी देखणी म्हटले नव्हते.

दुसऱ्या सकाळी माझ्यात लाव्याची दोन पिल्ले तरंगत होती. गॅरेटने ती जाळीने काढली, स्वयंपाकघराकडे एकदा पाहिले आणि उतारावर भिरकावली. मग एक खार, तीही तशीच गेली. सहाव्या दिवशी कोल्ह्याचा फोटो मिळाला. जत्रेत त्याला पहिला नंबर आणि निळी फीत मिळाली. काचेतून मला तो दिसायचा, शेकोटीच्या वर टांगलेला. पाहुणे वाहवा करायचे. फळी शेडमध्येच राहिली.

जून लागला. नळ बंद, त्यामुळे माझे पाणी काठापासून वीतभर खाली गेले. आतून शेवाळ धरले.

त्या सकाळी डेल्फिन जुनोला घेऊन गावात डॉक्टरकडे गेली होती. गॅरेट काचेच्या आत, कूलर लावून, फोटो बघत बसला होता. अंगणाकडचे दार उघडे राहिले होते. टॅफी आला. त्याने पंजाने काठ चाचपला, नेहमीच्या जागी आला आणि जिन्यावर पाऊल ठेवले.

जिना नव्हता.

तो पोहला. काठाकाठाने फिरला आणि पुन्हा पुन्हा उत्तरेच्या अंगालाच आला, कारण त्याला पक्के ठाऊक होते की फळी इथेच आहे. तिथे त्याने नखे मारली. शेवाळावरून पाय घसरत होते. आधी तो भुंकला, मग भुंकायला श्वास पुरेना. तो हलला की शेजारचा कॅमेरा टक् करायचा. मी कित्येक वेळा ते टक् ऐकले. मग माझे पाणी पुन्हा अगदी स्थिर झाले.

दुपारी गॅरेट बाहेर आला.  त्याने टॅफीला उचलून खाली झुडपांत पुरले, शेडमधून फळी आणली, साखळीने बांधली आणि कॅमेऱ्याशी काही वेळ खटपट केली.

डेल्फिन आली. "टॅफी कुठंय?"

"सकाळपासून दिसला नाही गं. प्यूमानं, डोंगरी सिंहानं नेला असेल. काल वर माग दिसले होते मला."

ती संध्याकाळपर्यंत हाका मारत डोंगर फिरली. ओफेलियाही आली. तिने जमीन वाचत घराच्या वरचा सगळा उतार पालथा घातला आणि शेवटी तोंड धुवायला माझ्या काठाशी बसली.

"सिंहाचा एकही माग नाही," ती म्हणाली. "फळी कधी लावलीस रे, फोटोवाल्या?"

"केव्हाच. जत्रा झाल्यावर लगेच."

"मग साखळीवर शेडमधलं कोळ्याचं जाळं अजून कसं?"

तिने बाही वर केली आणि फळीच्या कडेने हात आत घातला. हिरव्या शेवाळात पांढऱ्या रेघा होत्या. तिने डेल्फिनचा हात धरून त्यांवर ठेवला. डेल्फिनने एकेक रेघ बोटाने पाहिली. मग ती उठली आणि तिने कॅमेऱ्यामागचा लहान पडदा सुरू केला. सकाळचे सगळे फोटो पुसलेले होते. एक सोडून. त्यात टॅफीचे तोंड वर होते, डोळे उघडे, आणि पाण्यात दुसरा टॅफी, जराही न मोडलेला.

"बाकीचे पुसलेस," ती म्हणाली. "हा एक का ठेवलास?"

गॅरेट पडद्याकडे वाकला. मग हळूच म्हणाला, "उजेड फार चांगला होता."

ओफेलियाने तोंड फिरवले. "डोण परत नेते मी."

"नको," डेल्फिन म्हणाली. "इथंच राहू दे."

तिने तो फोटो मोठा करून घेतला, कोल्ह्याचा काढून त्या जागी टांगला आणि निळी फीत त्यालाच लावली. गॅरेट रोज सकाळी त्याच्यासमोर बसून नाश्ता करतो. पाहुणे बघून दचकतात, तेव्हा ती सांगते, "यानंच काढलाय. बोला की त्याच्याशी, त्याला आवडतं." त्याने एकदा तो उतरवला होता. दुसऱ्या दिवशी तिने त्याचीच दुसरी प्रत लावली.

मला कोणी नेत नाही, कोणी घासत नाही. ओरखड्यांवरून आता गंज उतरू लागला आहे. कोल्हा अजून येतो आणि फळीवर उभा राहून पितो.

मित्रांनो, उन्हाळ्यात तुम्हीही मुक्या जीवांसाठी पाणी ठेवाल. जरूर ठेवा. पण पाण्याआधी फळी ठेवा, आणि फोटोत ती दिसली तर दिसू द्या.