नवी जाळी

बीडच्या कडेला एक तळं आहे. त्यात शहराचा नाला येऊन पडतो, आणि नाल्याबरोबर शहराला नको झालेलं सगळं. नाल्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी होती. तिला बाटल्या अडायच्या. गुटख्याच्या पुड्या मात्र जावयाच्या थाटात आत जायच्या. ही जाळी आकड्याने साफ करायची, हे आसारामचं रोजंदारीचं काम. त्याआधी तो आणि त्याची बायको मंगल लिंबागणेशहून दरसाल ऊसतोडीला जायचे. मग मंगलची कंबर गेली, ती अंथरुणाला खिळली आणि तोड सुटली.

बारीक जाळीचा ध्यास मूळ मंगलचा. गळ्यात पुडी अडकून एक टिबुकली मेली, हे आसारामने एकदा घरी सांगितलं. टिबुकली म्हणजे सदा बुड्या मारणारं पाणपाखरू. त्या दिवशी मंगल जेवली नाही. "सायबाला सांगा, बारीक जाळी बसवा म्हनावं," असा तिने धोशाच लावला. आसारामने नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथे त्याहून जास्त लागले. पण जाळी मंजूर झाली.

त्याच सुमाराला जुन्या गजांपाशी एका टिबुकलीने शेवाळाचं तरंगतं घरटं केलं. आसाराम घरी आला की मंगलचा पहिला सवाल ठरलेला, "पिल्लं निगाली का?"

"अजून न्हाई. पर लई शानी हाय. उठून जाताना अंडी शेवाळानं झाकून जाती."

मंगल म्हणाली, "मायच हाय ना ती."

मंगल स्वतःही अशीच लेकीला झाकून गेली होती. उसाच्या फडात, लेक तेजश्री अजून रांगतही नव्हती तेव्हा. पोरीला ऊन लागू नये म्हणून तिने तिच्यावर उसाच्या शेंड्यांचे चार हिरवे वाढे पसरले आणि ती मोळ्या बांधायला गेली. ट्रॅक्टर मागे घेताना तो त्या वाढ्यांवरून गेला. ड्रायव्हर पाया पडून रडत काहीतरी सांगत होता, पण आसारामने ऐकून घेतलं नाही. कोयता घेऊन तो त्याच्या अंगावर धावला; लोकांनी आसारामला धरलं म्हणून ड्रायव्हर वाचला बिचारा. तेव्हापासून त्या माणसाचं नाव निघालं की आसाराम थुंकायचा. "डोळे फुटलेवते का त्याचे?"

नव्या जाळीच्या उद्घाटनाला पुढारी येणार होते. मुकादम पंडित सकाळपासून ओरडत होता, "आसाराम, फोटूत कचरा दिसला न्हाई पायजे बे!" आसाराम घरट्याची जागा सांभाळून, तिला वळसा घालून आकडा चालवत होता. पण आदल्या दिवशी जुने गज उपटताना पाणी ढवळलं होतं आणि घरटं जागचं हललं होतं. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. शेवाळाचा एक ढीग त्याने ओढून काठावर आपटला. त्यातून अंडी घरंगळली आणि सिमेंटवर फुटली.

तेवढ्यात गाड्या आल्या. फीत कापली, टाळ्या झाल्या, जाळीसाठी खेटे घालणारा म्हणून आसारामच्याही गळ्यात हार पडला. टिबुकली चोचीत शेवाळ घेऊन आली आणि मोकळ्या पाण्यावर गोल गोल फिरू लागली. "बघा, पाखरंसुद्धा खूश झाली!" पुढारी म्हणाले. सगळे हसले.

घरापर्यंत त्याने खोटं जुळवत आणलं होतं. पिल्लं निघाली, माय त्यांना पाठीवर घेऊन हिंडते, असं सांगायचं.

"निगाली का?" मंगलने विचारलं.

ते खोटं काही त्याच्या तोंडून निघेना. "माझ्याच हातानं गेली गं," तो म्हणाला. "झाकलेलं व्हतं. मला दिसलंच न्हाई."

मंगलने नजर छताच्या पत्र्याकडे वळवली.

"त्यो ड्रायवर बी हेच म्हनत व्हता," ती म्हणाली. "तुमी ऐकलं न्हाई. म्या ऐकलंवतं."

आसाराम तिच्या पायथ्याशी बसला आणि गळ्यातल्या हारासकट ढसाढसा रडला. लेक गेली तेव्हा तो असा रडला नव्हता.