कातळ की पाषाण

संपादकबाईंनी "बस" म्हटलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे फुगेवाल्याने ओळखलं. अकरा वर्षांत बाईंनी त्याला कधी खुर्ची दिली नव्हती. तो यायचा, पानं उचलायचा, जायचा.

कॉमिकमध्ये पात्रांच्या तोंडातून पांढरे फुगे निघतात ना, त्यातलं बोलणं हाताने लिहायचं हे त्याचं काम. म्हणून सगळं ऑफिस त्याला फुगेवाला म्हणायचं. खरं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं.

"एक हिरो बंद करायचाय," बाई म्हणाल्या. "कातळ नाहीतर पाषाण. पुढच्या महिन्यापासून दोघांतला एकच निघणार. मालकांनी माझ्यावर ढकललं, मी तुझ्यावर ढकलतेय."

"माझ्यावर का?"

"दोघांच्या तोंडात शब्द घालणारा तू एकटा आहेस. कातळ तुझा भाऊ काढतो, तो कातळच म्हणणार. पाषाण आपल्या ऑफिसातली ताई काढते, ती पाषाण म्हणणार. तुला कोण जास्त आवडतो ते सांग. शुक्रवारपर्यंत."

"मीही भावाचाच म्हणेन की."

"म्हण ना. पण कारण सांगावं लागेल. आणि तू खोटं बोललास की कान लाल होतात तुझे."

बाहेर छपाईवाला मशीन पुसत उभा होता. भिंती पातळ, त्याला सगळं ऐकू गेलेलं.

"काय फुगेवाले, दोन दगडांत निवड करायचीय म्हणे? दोघांची टक्कर झाली तर काय उरेल सांगा."

"काय?"

"खडी. आमच्या गल्लीचा रस्ता तरी होईल."

फुगेवाला हसला. पण ते हसू जिन्यापर्यंतही टिकलं नाही.

तसं बघितलं तर दोघांत फरक तो कितीसा. दोघं दगडाचे. दोघांना गोळी लागून काही होत नाही. दोघंही एकटे, दोघांचे आईबाप पहिल्याच अंकात मेलेले. फरक एवढाच की कातळ मार बसायच्या क्षणाला दगड होतो, आणि दगड झाला की त्याला काही म्हणजे काही कळत नाही. अख्खी इमारत अंगावर पडली तरी चेहरा कोरा. इमारत पडून झाली की विचारतो, "झालं?" पोरं या एका शब्दावर जीव टाकायची. पाषाण मात्र कायमचा दगड, आणि त्याला सगळं लागतं. एकूण एक गोळी लागते. फुटत नाही, एवढंच. ओरडतो, शिव्या घालतो, गुडघ्यावर येतो, मग उठतो.

फुगेवाल्याला पाषाण आवडायचा. पहिल्या अंकापासून. पाषाणचे फुगे लिहिताना त्याचा हात जड व्हायचा, कधीकधी दात आवळले जायचे.

पण घरात हे बोलायची सोय नव्हती.

घरी दादा होता. कातळ त्याच्या डोक्यातून आलेला, त्याच्या हाताने मोठा झालेला. तीन वर्षांपूर्वी दादाचे सांधे धरायला लागले. आधी बोटं, मग मनगटं, आता मान. "आज चार चौकटी काढायच्या आहेत रे," असं म्हणत तो सकाळी अंथरुणातून उठायला सुरुवात करायचा आणि अर्ध्या तासाने टेबलापाशी पोचायचा. वाटेत भिंतीला शिव्या, दाराला शिव्या, स्वतःच्या गुडघ्याला तर विचारूच नका. चौकटी नसत्या तर तो उठला असता का? हा प्रश्न फुगेवाल्याने कधी पुरता मनात येऊच दिला नव्हता. आता शुक्रवारी त्याला तो बाईंच्या टेबलावर ठेवायचा होता.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणाला ठाऊक नव्हती. दादाच्या रेषा आता जागेवर राहत नव्हत्या. पेन्सिल घसरायची, नाकाचा कान व्हायचा. फुगेवाला अक्षरांसाठी म्हणून पानं घेऊन जायचा आणि जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून ती पुसून पुन्हा काढायचा. दीड वर्ष हे चाललं होतं. छापलेला अंक हातात आला की दादा तो लांब धरून बघायचा आणि म्हणायचा, "शाई छान बसलीये." बस, एवढंच.

गुरुवारी फुगेवाला घरात पाय टाकतो तोच दादा म्हणाला, "ताईचा फोन आला होता. रडत होती. म्हणे, तुझा धाकटा ठरवणार आहे."

"अजून ठरलं नाही काही."

"मग ठरव. कोण आवडतो तुला?"

"कातळ. हे काय विचारणं झालं?"

"का आवडतो?"

"का म्हणजे... ताठ असतो. रडगाणं नाही. जग कोसळलं तरी विचारतो, झालं?"

दादाने मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना, मग अख्खा देह खुर्चीसकट त्याच्याकडे फिरवला. चेहरा पिळवटून निघाला. "हे सगळं जुन्या कातळचं सांगतोयस तू," तो म्हणाला.

शुक्रवारी बाईंनी टेबलावर दोन पानं ठेवली. "तू बोलायच्या आधी हे बघ. मालक एक बंद का करतायत ठाऊक आहे? वाचकांची पत्रं आलीत ढीगभर. दोघं ओळखू येत नाहीत म्हणतात. मला आधी पटलं नाही."

पहिलं पान तीन वर्षांपूर्वीचं. कातळवर पूल पडतोय, चेहरा कोरा. दुसरं गेल्या महिन्याचं. कातळवर ट्रक आदळतोय. भुवया एकत्र आलेल्या, ओठ आत ओढलेले, एक खांदा वर चढलेला, मान तिरकी.

"हा कातळ आहे?" बाई म्हणाल्या. "हा सरळ सरळ पाषाण आहे. वाईट वाटतं रे बोलायला, पण तुझा भाऊ ताईची नक्कल करायला लागलाय. आजारी माणूस, सुचत नसेल. ताई बिचारी काही बोलली नाही. मी पण बोलले नसते."

फुगेवाला त्या पानाकडे बघत राहिला. तो वर चढलेला खांदा त्याने काढला होता. तिरकी मान त्यानेच. काढताना ताईचं पान समोर नव्हतं, दुसरंच कुणी डोळ्यांसमोर होतं. आणि त्याला कळलं की दीड वर्ष जे वाचवायला तो जेवण सोडून बसत होता, ते त्यानेच, चौकटी-चौकटीने, संपवलं होतं.

आता गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. "कातळ" म्हणायचं, उद्यापासून चेहरा कोरा काढायचा. ताईचा पाषाण मेला असता. दादा सकाळी उठला असता. दादा नक्कल करतो असं सगळे मागे बोलत राहिले असते.

"दादाने नक्कल नाही केली," तो म्हणाला. "हा मी काढलाय."

सगळं सांगून झालं तेव्हा बाईंनी चष्मा काढला होता.

"म्हणजे कातळ काढणारं कुणी नाहीच आता."

"नाही."

"मग आवडता कोण?"

"पाषाण. पहिल्यापासून."

घरी येऊन त्याने दादाला उभ्या उभ्याच सांगितलं. बसला असता तर बोलता आलं नसतं. दादाने सगळं ऐकून घेतलं.

"रेषा माझ्या नाहीत हे मला कधीच कळलं होतं," दादा म्हणाला. "माझा हात मला ओळखू येणार नाही होय रे? मी गप्प बसलो, कारण मला काम हवं होतं. पण चेहरा का बदललास गाढवा? चेहरा तर सोपा होता. काहीच काढायचं नव्हतं त्यावर."

"मुद्दाम नाही बदलला."

"मग?"

"मार खाणारा माणूस काढायचा म्हटलं की तूच डोळ्यांसमोर यायचास. सकाळी उठतानाचा."

दादाने मागच्या महिन्याचा अंक मागितला. ट्रकची चौकट उघडून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघितलं.

"मी असा दिसतो?"

फुगेवाल्याला हो म्हणवेना, नाही म्हटलं असतं तर कानांनी घात केला असता.

"सगळ्यांसमोर? दूधवाल्यासमोर पण असाच?"

"दादा..."

"विचारतोय मी."

"हो."

दादाने अंक मिटला.

शेवटच्या अंकात कातळ मेला. चित्रं ताईने काढली, फार मायेने. फुगेवाल्याने अक्षरं भरली. दादाला अंक दाखवला तर तो न उघडताच म्हणाला, "ठेव तिकडे."

सकाळी दादा अजूनही उठतो. चौकटी नाहीत, तरी उठतो. पण आता भिंतीला शिवी नाही, दाराला नाही. परवा शर्ट घालताना कोपर मध्येच अडकलं. फुगेवाल्याने बाही ओढली, थांबला, पुन्हा ओढली. दादा समोरच्या खिडकीकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"दुखतंय का? थांबू?"

"नाही."

किती ओढायचं ते फुगेवाल्याला आता अंदाजानेच ठरवावं लागतं.